चार नंबरचं तेल

गाडी समोर आली की काका बॉनेट उघडायचे नाहीत. आधी हात पुढे करायचे आणि म्हणायचे, "पुस्तक."

पुस्तक म्हणजे नव्या गाडीबरोबर कंपनी देते ते. तुम्हीआम्ही ते समोरच्या खणात टाकतो आणि गाडी विकताना पुन्हा बघतो. चंदीगडच्या मोटर मार्केटात गाडी दुरुस्तीला आणणाऱ्या माणसाकडे कोणी पुस्तक मागत नाही, त्यामुळे लोक हसायचे. "फौजी, गड्डी ठीक करनी है, पेपर नहीं देना!" शेजारचा, गाड्यांचे पोचे काढणारा डेंटर सरदारजी तर त्यांना प्रोफेसर म्हणायचा. हे हसायचे नाहीत. ज्याच्याकडे पुस्तक नसे त्याच्यासाठी मागच्या लोखंडी पेटीतून त्याच मॉडेलचं पुस्तक काढायचे आणि नखाने ओळ दाखवत एकेक अक्षर वाचायचे. शिक्षण सातवी. इंग्रजी अक्षरं फौजेत शिकलेली.

ते मूळचे साताऱ्याकडचे. फौजेत गाड्या दुरुस्त करत होते, हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि गावी न जाता इथेच राहिले. का राहिले, हे मी दोनतीनदा विचारलं. "ऱ्हायलो," एवढंच उत्तर. मी त्यांना काका म्हणायचो, ते मला साहेब. मी सेक्टर एकोणचाळीसमधल्या सरकारी संशोधन संस्थेत तांत्रिक अधिकारी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. वडील परभणीकडे विहिरी खणायचे. हे मी लपवत नाही, उलट जरा जास्तच सांगतो.

काकांच्या वागण्यात एक भीती होती. आपण मेकॅनिक बरेच पाहतो. त्यांना कसलीच भीती नसते, इंजिन चालू असताना हात घालतात. काका गाडी देताना चारही चाकांपाशी वाकून यायचे, मग बॉनेटवर हात ठेवून उभे राहायचे, जणू सोडवत नाही. गिअरबॉक्सचं तेल बदलायचं असेल तर ही भीती दुप्पट व्हायची. डबा उन्हात धरायचे, लेबल वाचायचे, पुस्तक वाचायचे, पुन्हा लेबल वाचायचे. थेंबभर तेल दोन बोटांत चोळून नाकाशी न्यायचे. गिऱ्हाईक कंटाळून म्हणायचं, "डाल भी दो यार." तेव्हा ते म्हणायचे, "अंदर पीतल है जी." आणि मला मराठीत, "आत पितळ हाय, साहेब. पितळेला समदं तेल चालत न्हाई."

मला ते तेव्हा गमतीचं वाटायचं.

गेल्या वर्षी ते महिनाभर गावी गेले. त्याच महिन्यात आमच्या गाडीच्या गिअरबॉक्सचं तेल बदलायची वेळ आली. म्हटलं, एवढा शिकलोय, एवढं जमणार नाही? दुकानात गेलो. एकाच कंपनीचे दोन डबे. एकावर जीएल चार, दुसऱ्यावर जीएल पाच. दुकानदार म्हणाला, "सर जी, पाँच वाला ले जाओ, ऊपर की क्वालिटी है." मलाही ते पटलं. पाच चारपेक्षा वरचाच की! मी आयुष्यभर वरच्या इयत्तेत जायला धडपडलेला माणूस, खालचा नंबर हातात कसा घेणार? कॉलनीच्या पार्किंगमध्ये गाडीखाली झोपून, नळी लावून, मी ते तेल स्वतः भरलं. पुस्तक समोरच्या खणातच होतं. उघडलं नाही.

माझी बायको शिक्षिका. तिची बदली कसौलीच्या अलीकडच्या एका गावातल्या सरकारी शाळेत झालेली. सोमवारी पहाटे ती आमच्या चार वर्षांच्या मुलीला घेऊन गाडीने वर जायची, शनिवारी शाळा सुटली की खाली यायची. महिनाभरात ती म्हणायला लागली, "दुसरा गिअर पडताना करकर वाजतो रे. उतारावर तर कधीकधी पडतच नाही."

मी म्हणालो, "क्लच पूर्ण दाबत जा."

पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. मी पुन्हा म्हणालो, "तू क्लच अर्धा दाबतेस." तिसऱ्या वेळी ती काही बोललीच नाही. ती गाडी चालवायला माझ्याच हाताखाली शिकली होती, त्यामुळे चूक तिचीच असणार, हे आम्ही दोघांनीही मानून टाकलं होतं.

काका परत आल्यावर एका शनिवारी दुपारी मी सहज त्यांच्याकडे गेलो. ते स्टुलावर बसून कार्बोरेटर पुसत होते. मी करकरीचं सांगितलं.

"तेल कधी बदललं?"

"मीच बदललं, काका! दोन महिने झाले. चांगलं, पाच नंबरचं घातलं."

त्यांचा हात थांबला. चेहरा असा उतरला, की मी मागे वळून पाहिलं, कोणी आलं की काय.

"गाडी कुठाय?"

"वर. शाळा साडेबाराला सुटते. आता निघाली असेल."

"पोरगी?"

"तिच्याबरोबरच."

त्यांनी घड्याळ पाहिलं. सव्वा वाजला होता. "फोन लावा."

लावला. संपर्कक्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला, तेच. तोवर काकांनी हात न पुसताच आपली जुनी व्हॅन सुरू केली होती. शटरसुद्धा ओढलं नाही. सरदारजीला ओरडून सांगितलं, "देख लईं जरा!"

पिंजोर मागे पडलं. मग मला सांगितल्यासारखं नाही, स्वतःशीच बोलल्यासारखं ते बोलू लागले. पाच नंबरचं तेल वाईट नाही. ते ट्रकच्या मागच्या आसातल्या मोठ्या दातेरी चाकांसाठी. पण आपल्या गिअरबॉक्सात पितळेच्या कड्या असतात. त्या कडीनं आधी दाताला धरून वेग जुळवायचा, मग गिअर बसतो. "हे तेल इतकं निसरडं, की कडी धरतच न्हाई. वर आणि पितळ खातं. मग गिअर बसंल कसा? आणि उतारावर गिअर न्हाई बसला, तर मानूस काय करणार?"

"ब्रेक दाबणार," मी म्हणालो.

"दाबतच ऱ्हाणार."

त्यानंतर मी समोरून येणारी प्रत्येक पांढरी गाडी बघत होतो. आमची पांढरी. येणाऱ्या दहांतल्या सहा पांढऱ्याच. दरवेळी नंबर दिसायचा, आणि आमची नसायची. माझ्या हातातल्या फोनला घाम लागून पडदा चालेनासा झाला होता.

परवाणूच्या पुढे आम्ही जुन्या चढाच्या रस्त्याला लागलो. ती नेहमी त्याच रस्त्याने यायची. तिथे काका म्हणाले, "येक सांगतो साहेब. पहाडात आमची येक गाडी गेली होती. खाली."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांची नजर रस्त्यावर.

"मागच्या आसासाठीच्या ड्रममधलं तेल मी गिअरबॉक्सात भरलं होतं. घाई होती. झाकणावरचं वाचलं न्हाई. डायवर पंजाबी, होशियारपूरकडचा. त्यानं उडी टाकली, जगला. पाय गेला. चौकशीत लिवलं, डायवरची चूक. गिअर लावता आला न्हाई म्हनून." मग म्हणाले, "मला कुनी इचारलं न्हाई. मी बी बोललो न्हाई."

पुढच्या वळणावर आमची गाडी होती.

डोंगराच्या अंगाला, डावं चाक गटारात, बॉनेट मातीला टेकलेलं. बायको बाहेर दगडावर बसली होती. मुलगी तिच्या मांडीवर. दोघी धड होत्या. मी व्हॅन थांबायच्या आत उतरलो आणि पडलो. मुलगी हसली. "पापा, गाड़ी से धुआँ निकला! बहुत सारा!"

बायको मला नाही, काकांना सांगत होती. "दुसरा पडेचना. ब्रेकचा जळका वास यायला लागला. मग पेडल खालीच जाऊ लागलं. दरीकडे जाण्यापेक्षा म्हटलं डोंगराला घासू दे." आणि मग, अगदी विद्यार्थिनीसारखी, "काका, मी क्लच पूर्ण दाबत होते हो. खरंच पूर्ण दाबत होते."

काकांनी माझ्याकडे पाहिलं.

तुम्हाला वाटेल, बायको-मुलगी वाचल्यावर माणसाला कसली भीती उरते? मला त्या क्षणी जितकी वाटली तितकी येतानाही वाटली नव्हती. ब्रेक तापले, एवढं म्हणून सुटता आलं असतं. ते खोटंही नव्हतं.

"क्लच तू नीटच दाबत होतीस," मी म्हणालो. "तेल मी चुकीचं घातलं. पुस्तक न बघता."

ती मुलीला उचलून व्हॅनमध्ये जाऊन बसली.

गाडी त्या वळणावर ठेवणं धोक्याचं होतं. मागून येणाऱ्याने ठोकलं असतं. मी क्रेनचं म्हटलं, तर फोन लागेना. काकांनी ब्रेक तासभर थंड होऊ दिले. दोन वाटसरूंच्या मदतीने चाक गटारातून काढलं. मग पेडल दहा वेळा दाबून पाहिलं आणि स्वतः आत बसले. "हुबी असताना दुसरा पडतो. पाडला की खालपर्यंत सोडायचा न्हाई. तुम्ही मागं या. लई मागं."

खाली परवाणूपर्यंत त्यांनी गिअरला हात लावला नाही. मागे गाड्यांची रांग, हॉर्न, शिव्या. मी व्हॅन रस्त्याच्या मधोमध चालवत, कोणाला पुढे जाऊ न देता शिव्या खात होतो. प्रत्येक वळणावर गाडी दिसेनाशी व्हायची आणि शेजारी बसलेली बायको श्वास धरायची. ती माझ्याशी बोलत नव्हती, पण दोघांचा श्वास एकाच वेळी सुटायचा.

खाली सपाटीला त्यांनी गाडी थांबवली. मी दार उघडलं. ते उतरेनात. स्टिअरिंगवरची बोटं सुटत नव्हती. मीच एकेक बोट सोडवलं. "भ्यालो हो साहेब," ते म्हणाले. "लई भ्यालो."

गाडीचा गिअरबॉक्स त्यांनी पुढच्या आठवड्यात उघडला. कड्या बदलल्या, पुस्तकात लिहिलं होतं ते चार नंबरचं तेल भरलं. ते त्यांचं शेवटचं काम. आता त्या गाळ्यात सीट कव्हरवाला बसतो. त्यांचा मुलगा येऊन त्यांना सामानासकट साताऱ्याला घेऊन गेला. मी फोन केला होता. होशियारपूरच्या त्या ड्रायव्हरला सांगितलंत का, विचारलं. काका म्हणाले, "सांगितलं," आणि मग पावसापाण्याचं बोलू लागले. तिथे काय झालं ते मला माहीत नाही, आणि मी पुन्हा विचारणारही नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याआधी, एका रविवारी सकाळी. धुतलेला सदरा, केसांना पाणी लावून पाडलेला भांग, हातात फौजेतल्या कोणाकडून मिळवलेला त्या ड्रायव्हरचा पत्ता. "येऊ का बरोबर?" मी विचारलं. "नगं," म्हणाले, "तुम्ही येकट्यानंच सांगितलंत न्हवं?"

व्हॅन सुरू झाली. मी निरोपाचा हात वर केला. पण ती जागची हलली नाही. इंजिन चालू, पाय क्लचवर, दोन्ही हात स्टिअरिंगवर, आणि हा म्हातारा समोरच्या सरळ, मोकळ्या रस्त्याकडे बघत बसलेला. माझा हात वर तो वरच. किती वेळ गेला कोण जाणे. मग व्हॅन हलली.