‘श्री’च्या खालचं सगळं

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. आज तुम्हालाच का सांगतोय — कोण जाणे.

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीचा सुमार. सिंदी मेघेला एका खोलीत आमचं टायपिंगचं केंद्र होतं आणि त्यात नुकताच आलेला कॉम्प्युटर. टायपिंगला सेलूच्या कमलताई. नवरा अंथरुणाला खिळलेला, घर त्यांच्या पगारावर. आणि मी — मशीनमधलं कळणारा एकटाच. म्हणजे तसं मीच ठरवलेलं. उथळ पाण्याला खळखळाट फार!

एका प्राध्यापकांचा कापसावरचा इंग्रजी प्रबंध ताई कित्येक महिने टाइप करत होत्या. रोज संध्याकाळी शेवटच्या रिकाम्या ओळी पुसा, फाइल सेव्ह करा, बंद करा — त्या कंटाळायच्या. मी ऐटीत एडिटरमध्ये — म्हणजे टाइप करायच्या प्रोग्रॅममध्ये — एक छोटं फंक्शन लिहिलं. एक बटण दाबलं की कमांड आपोआप एकामागून एक चालणार: कर्सरच्या खालचं सगळं पूस, सेव्ह कर, बंद कर. टाइप करणारा शेवटीच थांबतो ना? मग ‘आधी शेवटी जा’ ही कमांड कशाला लिहायची?

पण ताई शेवटी थांबत नसत. पोथी मिटताना करतात तसं त्या पहिल्या पानावर जात आणि इंग्रजी अक्षरांत लिहिलेल्या ‘श्री’ला हात जोडत. हे मी रोज पाहत होतो. रोज! त्या संध्याकाळीही त्यांनी हात जोडले — आणि माझं नवं बटण दाबलं.

सकाळी मी फाइल उघडली, तर नुसतं ‘श्री’. दुसरी प्रत नव्हती. ती ठेवायचं कामही माझंच. काय झालं ते मला तिथल्या तिथे कळलं. आणि मी काय केलं? कुणी यायच्या आत माझं फंक्शन पुसून टाकलं.

केंद्राचे मालक, आमचे साहेब, ताईंवर कडाडले. ताईंनी माझ्याकडे पाहिलं.

“मी त तुमीच देलेलं बटन दाबलं, भाऊ. का दुसरंच दाबलं गेलं असन?”

तेव्हा बोलता आलं असतं — नाही का?

“दुसरंच दाबलं असन, ताई,” मी म्हणालो.

त्यांची नोकरी गेली. डबा पिशवीत ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, “साहेब बोलले तवा मले पटलं नोतं. तुमी म्हनलं, तवा पटलं.”

पुढे त्या लोकांच्या शेतात तण निंदायला जात, असं कानावर आलं. आता त्या नाहीत. सेलूची बस माझ्या दारावरून जाते. मी कधी चढलो नाही.