लेकीच्या मागून गावात शिरावं

देवी टोचत मी वऱ्हाडात गावोगाव हिंडलो, पण माझ्या पाठीत एकदाही काठी बसली नाही. हे सांगितलं की घरातल्या पोरांना ती माझी बढाई वाटते. बढाई नाही. धाडस माझ्यात कधीच नव्हतं. होता तो नुसता राग, नाकाच्या शेंड्यावर बसलेला, आणि तो तिथून खाली कसा उतरवायचा हे शिकवणारे एक म्हातारे मला वेळेवर भेटले म्हणून मी धडधाकट राहिलो.

ते अकोल्याच्या सरकारी दवाखान्यातले जुने टोचणारे. आम्ही नवे लोक त्यांना काका म्हणायचो. दात पडलेले, पण जीभ शाबूत होती.

दिवस कापसाचे होते. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपलेली, तिकडचा कापूस विलायतेला पोचेना, आणि आमच्या काळ्या मातीतल्या बोंडाला असा भाव आला की शहाणीसुरती माणसं चेकाळली. अकोल्याच्या आणि अमरावतीच्या रस्त्यांवर गाड्यांची रीघ लागायची. बैलांच्या शिंगांना पितळी टोपणं आली, गळ्यात नवे घुंगरू आले. त्याबरोबर अनोळखी माणसंही आली. दलाल आले, त्यांचे गुमास्ते आले, उभ्या पिकाला बयाणा देऊन जाणारे आले. कापूस बांधून झाला की बोजावर व्यापाऱ्याचा शिक्का मारायचे. शिक्का बसला की माल त्याचा. तो मुंबईला जायचा आणि तिथून जहाजात.

आता अशा गावात मी जायचो, पोरांचे दंड उघडे करायचो आणि त्यावर नस्तरानं, म्हणजे टोचायच्या बारीक सुरीनं, खुणा करायचो. लोकांनी काय समजावं? त्यांनी सरळ हिशोब केला. बोजावर शिक्का तसा पोरावर शिक्का. साहेबानं पोरांचा बयाणा देऊन ठेवलाय, पुढच्या हंगामात गाड्या घेऊन येईल. कुणी हसेल, पण ज्याच्या डोळ्यासमोर रोज शिक्के बसताहेत त्याला दुसरं काय सुचणार? आमच्यातल्या एकाला याच समजुतीपायी लोकांनी विहिरीच्या काठापर्यंत ओढत नेलं होतं.

त्यात आमचं काम असं विचित्र की ते बाटलीत भरून नेता येत नसे. एका पोराच्या दंडावर टोचलं की आठवड्यानं तिथे पुळी पिकते. त्या पुळीतला थेंब नस्तरावर घ्यायचा आणि दुसऱ्या पोराच्या दंडात घालायचा. म्हणजे एका गावाहून दुसऱ्या गावाला जाताना पिकलेल्या पुळीचं एक पोर बरोबर हवं, आणि पोर म्हणजे त्याची आईही हवी. पुळी सुकली की बी गेलं.

पहिल्यांदा एकटा निघालो तेव्हा काकांनी मला दवाखान्याच्या पायरीवर बसवून घेतलं.

"दारात गेला की आंदी खाकरायचं. कडुलिंबाचा टहाळा टांगला असंल तं हात जोडून मांगं फिरायचं, त्या घरी देवी बसली हाये. पानी मागायचं. पानी पाजलेल्या मानसावर कोनी काठी उचलत नाई. अन् सरकारचं नाव घ्यायचं नाई. घेतलं की पडलीच समज."

"आणि वेशीतच अडवलं तर?"

"तुले वेशीत अडवतीन. गावच्या लेकीले कोन अडवंल? म्हनून जिचं माहेर पुढच्या गावी हाये, तिचंच पोट्टं बरोबर घ्यायचं. लेक म्होरं, तू मांगं."

दवाखान्याच्या भिंतीवर साहेबाचा मोठा नकाशा होता, पण आमच्या वाटा माहेरांवरून ठरायच्या. सासरहून माहेरी, तिथल्या सुनेच्या पायानं तिच्या माहेरी, अशी देवीची पुळी वऱ्हाडभर फिरली. मला ही युक्ती फार आवडली. माहेरी निघालेल्या बाईला थकवा येत नाही, हे त्यातलं आणखी एक सुख.

बार्शीटाकळीकडच्या एका वाडीत माझी पोरं टोचून झाली होती. पुळ्या पिकल्या त्या सकाळी मी घरोघर विचारत फिरलो की नदीपलीकडच्या गावी कुणाचं माहेर आहे. एका घरातून तरणी बाई लगबगीनं बाहेर आली. "माहं हाये. चाला." तिचा नवरा कापसाच्या गाड्यांबरोबर अमरावतीला गेलेला. सासू दारात उभी होती, काहीतरी बोलणार होती, पण सुनेनं पोर कडेवर घेऊन रस्ता धरलाही होता. मी पेटी उचलली आणि मागे धावलो. किती हौस माहेराची, असं मनात म्हणालो.

नदीत पाणी घोट्याएवढं होतं. पलीकडच्या काठावर ती थांबली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "भाऊ, एक सांगायचं राहिलं."

ते असं होतं. तिच्या लग्नात मानपानावरून बिनसलं. नवऱ्याच्या चुलत्याला पंगतीत मागे बसवलं, त्यानं भरलं ताट लोटून दिलं. तिच्या वडलांच्या तोंडून जाऊ नये तो शब्द गेला. दोन्ही घरांचं पाणी तुटलं, एकमेकांच्या दारी घोटभरही प्यायचं नाही असं झालं. तेव्हापासून तिनं माहेरचा उंबरा पाहिला नव्हता.

"बाबानं सांगतलं होतं, हिच्या सासरचं कोनी वेशीत दिसलं तं तंगडी तोडीन."

"हे तुम्ही आता सांगता?" माझा आवाज चढला.

"आंदी सांगतलं असतं तं तुमी आले असते का?"

मी आलो नसतो. मी पेटी वाळूत आदळली आणि तिला वाट्टेल ते बोललो. काकांनी मला ढाल म्हणून लेक दिली होती, आणि ही ढालच लढाई घेऊन निघाली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. पोर तिच्या कडेवर ज्वारीचं ताट चघळत होतं.

"झालं बोलून?" ती म्हणाली. "माह्या भावाले पोट्टी झाली. म्या पायली नाई. त्यायच्या शेजारच्या गावात देवी आली, बाजारात बाया सांगून राहिल्या. मले घरात घेत नसंल तं नको घेऊ दे. तिले टोचा अन् मंग जा कुठं जायचं तं."

एवढं म्हणताना तिचा आवाज फाटला. मग मला माझ्याच रागाची लाज वाटली. मी पेटी उचलली. पण मागे वळून आल्या वाटेकडे एकदा पाहून घेतलं, हे कबूल केलंच पाहिजे. मेलेली लेक चालेल पण सासरचा माणूस नको म्हणणारे बाप वऱ्हाडात मी पाहिले होते.

वेशीच्या आत कापसाच्या गाड्या भरणं चाललं होतं. एका गाडीवर एक उंच म्हातारा उभा राहून पायानं कापूस तुडवून दाबत होता. माझी पेटी पाहून कुणीतरी ओरडलं, "शिक्केवाला आला." गाड्यांमागून माणसं गोळा झाली, काहींच्या हातात काठ्या होत्या. एकानं माझ्या पेटीला पाय लावला. माझ्या ओठांवर आलं होतं की मी सरकारी माणूस आहे, बघून घेईन. ते शब्द मी कसे गिळले ते माझं मला माहीत.

"पाणी मिळेल का?" मी विचारलं.

कुणी हललं नाही. गाडीवरच्या म्हाताऱ्यानं तुडवणं थांबवलं. तो माझ्याकडे बघतच नव्हता.

"कोनाची वो तू, बाई?" त्यानं विचारलं. परक्या बाईला विचारावं तसं.

"त्या गाडीवर जो उभा हाये, त्याची."

माणसांच्या माना गाडीकडे वळल्या. म्हाताऱ्याचा चेहरा हलला नाही. "पानी विहिरीवर हाये," तो म्हणाला. "पिऊन घ्या अन् आल्या वाटेनं जा."

समोरच्या घराच्या दारात एक म्हातारी येऊन उभी राहिली होती, पदर तोंडाशी धरून. ती या बाईची आई असावी हे मला तिच्या उभं राहण्यावरूनच कळलं. तिला पुढे यायची छाती होत नव्हती.

"मी राहाले नाई आली," लेक म्हणाली. "पोट्ट्याच्या दंडावर बी हाये. ते वयनीच्या पोरीले लावायचं अन् जायचं."

"तो साह्यबाचा शिक्का हाये."

"माहा हाये. म्या लावून घेतला." तिनं पोराची बाही वर केली आणि सगळ्यांना दंड दाखवला. "हे तुमाले मुंबईले गेलेलं दिसते का? सकाळपासून तीन भाकरीचं खाऊन बसलं हाये."

मागे कुणीतरी हसलं. हसू आलं की काठी जड होते, हे मी पुढेही पुष्कळदा पाहिलं. तिनंही ते हेरलं असावं, कारण ती सरळ घराच्या ओट्यापाशी गेली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "भाऊ, याले धरायले दुसरं कोनी पायजे ना? माह्या मांडीवर लय रडते."

ते पोर तिच्या मांडीवर कधीच रडलं नव्हतं. टोचलं तेव्हासुद्धा नाही. तिनं मला डोळ्यांनी इतकं आर्जव केलं की मी गंभीर चेहरा करून म्हणालो, "हो. आईनं धरलेलं चालत नाही. घरचंच माणूस हवं, आणि हात घट्ट हवा." असा नियम ना काकांच्या तोंडी होता ना साहेबाच्या.

ओट्यावर कुणीच येईना. मग म्हातारा गाडीवरून उतरला. पोटऱ्यांना कापूस चिकटलेला तसाच आला आणि ओट्यावर बसला. लेकीनं पोर त्याच्या मांडीवर ठेवलं आणि चार पावलं मागे झाली. पोरानं आधी त्याच्याकडे नीट पाहिलं, मग दोन्ही मुठींनी त्याची मिशी धरली. म्हाताऱ्यानं ती सोडवली नाही.

भावाची बायको तान्ही पोरगी घेऊन समोर बसली. मी पुळी उघडली, थेंब घेतला, पोरीच्या दंडाला लावला. पोरगी किंचाळली, तिला पाहून मिशी धरून बसलेलं पोरही रडलं. क्षणाचं काम. तोवर म्हातारी आतून तांब्या घेऊन आली होती. तिनं तो माझ्यापुढे ठेवला. मी पाणी प्यालो, आणि सकाळपासून पहिल्यांदा माझे खांदे सैल झाले.

तांब्यात पाणी उरलं होतं. म्हातारी तो हातात घेऊन नवऱ्याकडे बघत राहिली. तो नातवाच्या दंडाकडे बघत होता.

"तिले दे," तो खाली बघूनच म्हणाला. "पायी आली ते."

ती ओट्याच्या पायरीवर बसून प्यायली. पिताना रडत होती, त्यामुळे निम्मं पाणी अंगावर सांडलं. माझेही डोळे भरून आले, त्यात लपवायचं काय? तेवढ्यात शेजारची एक बुढी मोठ्यानं म्हणाली, "मामाच्या पोरीले आतेभावाची देवी लागली. आता सोयरीक कुठं धुंडता?" सगळा ओटा हसला. त्या हसण्यातच दुसरी एक बाई आपलं पोर घेऊन पुढे आली, तिच्यामागून आणखी. दुपार कलेपर्यंत मला मान वर करायला फुरसत नव्हती.

तो सगळा आठवडा मी त्या गावात राहिलो, पुळ्या पिकेपर्यंत. तीही राहिली. राहायला नाही आली म्हणणारी लेक रोज आईच्या चुलीपाशी दिसायची. उन्हाळ्यात शेजारच्या गावची देवी नदीकाठानं फिरत तिथेही आली, पण पुढच्या हंगामात मी गेलो तेव्हा दंडावर खुणा असलेली सगळी पोरं माझी पेटी बघून घराघरांत पळाली, आणि मामाची ती पोरगी आईच्या कडेवर किंचाळली.

ती सासरी परत निघाली तो दिवस अजून डोळ्यांपुढे आहे. त्या काळात गाडी मिळणं म्हणजे देव मिळणं होतं, प्रत्येक गाडी कापसाला लागलेली. म्हाताऱ्याचीही गाडी काठोकाठ भरून अकोल्याला जायला उभी होती. ओटी भरलेली लेक पोर कडेवर घेऊन पायीच निघाली. म्हाताऱ्यानं मुलाला हाक मारली.

"कापूस खाली उतरव."

"बाबा, बाजार हाये ना आज."

"बाजार रोज भरते."

कापूस ओट्यावर उतरवला. थोडा तळाला राहू दिला, नातवाला मऊ लागावा म्हणून. लेक बसली, आणि म्हातारा स्वतः कासरा धरून पुढे बसला. मुलगा विहिरीवरून पाण्याचा चंबू भरून धावत आला, वाटेत लागेल म्हणून.

म्हाताऱ्यानं तो परत दिला.

"राहू दे," तो म्हणाला. "तिच्या सासरी पिईन."