प्रणाली डाव लांबवायची

आपली खेळी आली की प्रणाली फोन टेबलावर पालथा घालायची. फोनवरच्या पत्त्यांच्या त्या खेळात प्रत्येक खेळीला वेळ ठरलेला असतो. पडद्यावर एक दोरी जळत जाते आणि ती संपायच्या आत पत्ता टाकावा लागतो. दोरी जळत असायची आणि ही खिडकीबाहेर सायकली लावलेल्या जागेकडे बघत बसलेली. अगदी शेवटी फोन सुलटा करून एखादा पत्ता टाकायची. कधी काहीच न टाकता खेळी सोडून द्यायची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, पोरीला खेळता येत नाही.

मी नागभीडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. प्रणालीचं बीए आमच्याच कॉलेजातून झालं होतं. त्यानंतर ती स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला वाचनकक्षात येऊ लागली. वडील तुळशीराम तलावात मासे धरायचे आणि थोडं धान पिकवायचे. आई नव्हती. गावाहून सकाळच्या बसने ही यायची. उन्हाळ्यात बाकीची मुलं पंख्याखालच्या जागेसाठी भांडायची, तर ही माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, "मॅडम, कोपऱ्यातला पंखा बंद करा न. मले गार हवा सोसत नाई."

आमच्या भागात एवढ्यावरून कळतं. तिचे डोळेही पिवळसर होते. मी विचारलं, "सिकलसेल?"

"हो. लाल कार्डवाली." वाहकांना पिवळं कार्ड मिळतं आणि आजार असलेल्यांना लाल. "देवानं पत्ते वाटले अन् माह्या हातात पह्यलं लालच आलं." एवढं बोलून हसली आणि पंखा बंद झाला की नाही ते बघून पुस्तक उघडून बसली.

या आजारात रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांमध्ये अडकतात आणि मग हाडांतून कळा निघतात. थंडीने, तापाने, पाणी कमी प्यायल्याने, कधी काहीच कारण नसताना. महिन्यातले काही दिवस ती यायचीच नाही. परत आली की चेहरा आणखी लहान झालेला दिसायचा. दोन ठिकाणी लग्नाचं बोलणं झालं होतं. कार्डाचा रंग कळल्यावर दोन्हीकडची माणसं परत फिरकली नाहीत. तेही तिने मला जेवणाचा डबा उघडता उघडता, भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तसं सांगितलं.

पत्त्यांचा हा खेळ ती दवाखान्यात शिकली. रक्त चढताना एका हाताला सुई असते, दुसरा मोकळा. मोकळ्या हाताने फोनवर खेळता येईल असं काहीतरी हवं होतं. समोर जगातला कुठलाही माणूस असू शकतो. दोघांपाशी आपापला निवडून बांधलेला पत्त्यांचा जुडगा; त्यातले मैदानात उतरून लढणारे पत्ते म्हणजे मोहरे. दोघांना सारखेच प्राण, ज्याचे आधी संपतील तो हरला. बहुतेक जण झटपट हल्ला करणारा जुडगा बांधतात. प्रणालीचा जुडगा उलटा होता. त्याला कंट्रोल डेक म्हणतात. सुरुवातीला मार खायचा, समोरच्याचे मोहरे एकेक करून मारायचे, त्याचा दम संपेपर्यंत टिकायचं आणि मग अगदी शेवटी सावकाश जिंकायचं. खेळाडूंना असल्या जुडग्याचा वैताग येतो. कित्येक जण कंटाळूनच डाव सोडून जातात.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती मलाही शिकवू लागली. मी समोरच्याचा पहिला मोहरा दिसला की लगेच तो मारायची. ती कपाळाला हात लावायची. "मॅडम, हा नाई मारायचा. मोठा मोहरा अजून त्याच्या हातातच हाय. त्याच्यासाठी पत्ता ठेवा."

"पण हा मारतोय ना मला!"

"मारू द्या. एवढ्यानं मरत नाई. प्राण कायले असते? खर्च कराले. शेवटचा एक राह्यला तरी जिंकता येते."

तिच्या जुडग्यात मैदानावरचं सगळं एका झटक्यात जाळून टाकणारा एक पत्ता होता. त्याचं इंग्रजी नाव काहीही असो, ती त्याला वणवा म्हणायची. तो हातात असतानाही ती गप्प मार खात राहायची. समोरच्याला वाटायचं हिच्याकडे काही नाही, म्हणून तो हातातलं सगळं मैदानात उतरवायचा. मग वणवा. सामान्य खेळाडू तो पत्ता घाबरून आधीच टाकतो, हे मला फार उशिरा कळलं. ती घाबरत नव्हती असं मात्र नाही. टेबलाखाली तिचा पाय सतत हलत असायचा.

नंतर ती खेळात वरच्या क्रमांकावर गेली, तेव्हा स्थानिक पेपरचा एक वार्ताहर आला. त्याने विचारलं, "आजाराशीही तुम्ही अशीच झुंज देता, नाही का?" त्याला मथळा हवा होता. प्रणाली म्हणाली, "नाई भाऊ. खेळात समोरच्याले बी नियम असते." ते वाक्य त्याने छापलं नाही.

हिवाळ्यात एका स्पर्धेची ऑनलाइन पात्रता फेरी होती. गावात रेंज टिकत नव्हती म्हणून रविवारी मी वाचनालय उघडून दिलं. शेवटचा सामना चालू असताना तिच्या मांड्यांत कळा सुरू झाल्या. ओठ पांढरे पडले. मी म्हटलं, "बंद कर, दवाखान्यात जाऊ." ती मान न वळवता म्हणाली, "दवाखाना कुठी जात नाई, मॅडम. पाणी द्या." बाटली संपवली, शाल मांड्यांभोवती गुंडाळली आणि खेळत राहिली. प्राण जवळजवळ संपत आले, वणवा हातात होता, तरी आणखी एक खेळी थांबली. मला बघवेना. समोरच्याने शेवटचा मोहरा उतरवला आणि तिने जाळलं. त्यानंतर जिंकायला तिने आणखी बराच वेळ घेतला. पुढची फेरी हैदराबादला, समोरासमोर होती.

तुळशीरामभाऊंना समजवायला मी त्यांच्या घरी गेले. ते अंगणात जाळं विणत बसले होते.

"पत्ते खेळाले हैदराबादले?" त्यांनी जाळं खाली ठेवलं. "बाई, आमच्या गावात पत्त्यायनं घरं बसली. अन् तुम्ही शिकलेल्या मानसानं सांगाव?"

"भाऊ, हा जुगार नाही. बुद्धिबळासारखं आहे."

"अन् तब्बेत?"

दारात उभ्या प्रणालीने उत्तर दिलं. "बाबा, घरी बसून बी दुखतेच न. तिकडे दुखलं त हैदराबाद पाहून त दुखन."

ते हसले नाहीत. जाळं पुन्हा हातात घेत म्हणाले, "मी संग येईन. एकटी जाऊ नको."

डॉक्टरांनी तपासलं, आधी रक्त चढवलं आणि बजावलं: पाणी पीत राहा, गारव्यापासून जप, ताप आला तर लगेच दवाखाना गाठ. दोघं बल्लारशाहून रेल्वेने गेले. स्टेशनवरून तिने मला फोटो पाठवला. तुळशीरामभाऊ धोतर आणि स्वेटर घालून बाकावर ताठ बसलेले, पायाशी पाण्याचा डबा.

सामने इंटरनेटवर दिसत होते. मी वाचनालयाच्या संगणकावर पाहत होते. पडद्यावर पत्ते आणि कोपऱ्यातल्या चौकोनात तिचा चेहरा. सभागृहातला एसी तिथल्या सगळ्या संगणकांसाठी चालू ठेवावा लागत होता. संयोजकांनी तिला हवेच्या झोतापासून दूर बसवलं होतं आणि तिने दोन शाली पांघरल्या होत्या. पहिले सामने ती जिंकली. दुपारच्या सामन्यात पुण्याच्या एका मुलाने सुरुवातीलाच तिचे निम्म्याहून जास्त प्राण घेतले. हळूहळू तिने त्याचे सगळे मोहरे मारले. त्याचा हात रिकामा झाला, मैदान रिकामं झालं. तिच्याकडे मोठा पत्ता होता आणि तिच्यावर घाव घालायला त्याच्याकडे काहीच उरलं नव्हतं. मी खुर्चीतून उठून उभी राहिले.

चौकोनात ती पुढे झुकली. छातीवर हात ठेवला. मग पडद्यावर अक्षरं आली की प्रणालीने डाव सोडला आहे. सामन्याचं वर्णन करणाऱ्यांना वाटलं, चुकून बटण दाबलं गेलं.

मी तुळशीरामभाऊंना फोन लावत राहिले. संध्याकाळी त्यांनी उचलला. छातीत दुखत होतं, श्वास लागत होता, ताप भरला होता. सभागृहातल्याच कुणी तरी गाडी काढून दवाखान्यात पोहोचवलं. आयसीयूत ठेवलं होतं. तिथे सगळे तेलुगू किंवा इंग्रजी बोलत होते आणि भाऊ आपला फोन डॉक्टरांच्या हातात देऊन माझ्याशी बोलायला सांगत होते. डॉक्टर मला सांगायचे, मी भाऊंना मराठीत सांगायची. आधी ऑक्सिजन, मग व्हेंटिलेटर. शेवटचंही मीच सांगितलं. डॉक्टरांचं वाक्य संपलं. भाऊ पलीकडून म्हणत होते, "सांगा बाई. काय म्हनते ते?"

तेरवी झाल्यावर काही दिवसांनी ते वाचनालयात आले. चपला बाहेर काढून दारातच उभे राहिले. मी खुर्ची दिली, पाणी दिलं. मुलं अभ्यास करत होती, म्हणून ते अगदी हळू बोलत होते.

"बाई, एक इचारायचं होतं. तिकडे मी मांगच्या खुर्चीवर बसलो होतो. मले त्यातलं काही समजत नाई. ती उठली, माह्यापाशी आली अन् म्हणे, बाबा चला. मी म्हटलं, हारली का व? त म्हणे, हो बाबा, हारली." त्यांनी पाण्याचा ग्लास दोन्ही हातांत धरला होता. "तुम्ही पाह्यत होत्या. खरंच हारली होती का?"

हो म्हणावं असं माझ्या मनात येऊन गेलं. पण ते माझ्याकडे सरळ पाहत होते.

"नाही भाऊ. ती जिंकत होती. समोरच्याकडे काहीच उरलं नव्हतं. आणखी थोडा वेळ बसली असती तर झालं असतं."

"थोडाच वेळ?"

"हो."

त्यांनी ग्लास टेबलावर ठेवला. टेबलाच्या लाकडावरून बोट फिरवलं.

"मंग लय दुखत असन तिले," ते म्हणाले. "मले सांगतलंच नाई."