एक जुलैची पोरं

बावीस वर्षांपूर्वी, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, मी एटापल्ली तालुक्यातलं आमचं गाव सोडून पुण्याच्या एका क्रीडा वसतिगृहात राहायला गेलो. वय तेरा. सकाळची एसटी होती. गावच्या फुटबॉल क्लबची सगळी पोरं थांब्यावर आली होती. बाबांनी माझा जन्मदाखला प्लास्टिकच्या पिशवीत घालून शर्टाच्या आत खोचला आणि म्हणाले, "पायाले लागलं त बरं होते. कागद सांभाळजो."

चैतू खिडकीखाली उभा होता. "चाल्ला गा पुणेकर! तिथी पोट्टे बूट घालूनच झोपतेत म्हनते." सगळे हसले. मीही हसलो.

चैतू माझ्याच वर्गात होता आणि आमच्यातला सर्वांत चांगला खेळाडू होता. हे माझं मत नाही. क्लबच्या वहीत त्या मोसमातले गोल लिहिलेले आहेत. त्याचे माझ्या दुपटीहून जास्त आहेत.

क्लब मनोहरभाऊंनी काढला होता. त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. मैदान म्हणजे धान कापल्यावर मोकळी होणारी बांधी, गोलचे खांब बांबूचे. महार मोहल्ल्यातली आणि गोंड टोल्यावरची, म्हणजे गोंडांच्या वस्तीतली, पोरं एकत्र येण्याची गावातली ती एकच जागा होती. चौदा वर्षांखालच्या निवड चाचणीला भाऊ आम्हा अकरा जणांना जिल्ह्याला घेऊन गेले. तिथे टेबलावर कागद मांडले गेले. नऊ दाखल्यांवर जन्मतारीख एकच होती : एक जुलै.

टेबलामागचे साहेब भाऊंना म्हणाले, "गाव आहे की पोल्ट्री? सगळी अंडी एकाच दिवशी फुटली?"

भाऊ म्हणाले, "साहेब, पोरं घरी जन्मले. तारीख शाळेत लागली."

हे खरं होतं. पोर सहा वर्षांचं वाटलं की शाळेत नाव घालायचं आणि गुरुजींनी रजिस्टरात एक जुलै टाकायची, अशी पद्धत होती. चैतूच्या आईनं गुरुजींना सांगितलं होतं, "मोह पडून राह्यला होता तवा झाला." म्हणजे मोहाची फुलं गळतात तेव्हा, मार्च-एप्रिलात. माहिती हजर होती. मोह पडण्याला रजिस्टरात रकाना नव्हता. गुरुजींनी कुणाला काही विचारलं नाही, ऋतू ऐकून घेतला आणि जुलै लिहिली. इतक्या वर्षांनीही मला त्या हस्ताक्षराचा राग येतो.

साहेबांनी नऊ जणांवर 'वयाबाबत संशयास्पद' असा शेरा मारला. त्यांना मैदानात पाऊल ठेवू दिलं नाही. दोघे खेळलो, त्यातला मी निवडला गेलो. माझ्याकडे खरा दाखला होता, कारण माझ्या वेळी आईचं बाळंतपण अडलं आणि तिला चंद्रपूरच्या दवाखान्यात न्यावं लागलं. चैतू अडला नाही. तो गोंड टोल्यावर, दाईच्या हातात, सुखरूप जन्मला. त्याची किंमत त्यानं कुंपणाबाहेर बसून मोजली.

माझ्या निवडीची बातमी छापून आली. 'प्रतिकूल परिस्थितीवर मात' असं शीर्षक होतं. आज मी पुण्यात एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर बसतो आणि कॉपीत हे शब्द आले की कापतो. परिस्थितीवर मी कुठलीही मात केली नव्हती. परिस्थितीनं नऊ जणांना बाजूला काढून मला पुढे ढकललं होतं. अठराव्या वर्षी माझा गुडघा गेला, फुटबॉल संपला. तोवर वसतिगृह, शाळा, कॉलेज, मेसचं जेवण, हे सगळं मला मिळून गेलं होतं. जे माझ्यासारखे गाव सोडून बाहेर पडले आणि आपल्या कष्टांची कहाणी सत्कारात सांगतात, त्यांनी एकदा आपल्या मागे कोण उरलं त्यांची नावं लिहून काढावीत. पुण्यात मला लोक माजी खेळाडू म्हणतात. गावात माझा खरा क्रमांक माहीत आहे : दुसरा. घर मी आता त्याच जागेला म्हणतो.

चैतू गावातच राहिला, शेती करू लागला आणि भाऊंच्या हाताखाली पोरांना शिकवू लागला. त्या दोघांनी क्लबला एक नियम लावला. गावात कुणाकडे बाळ झालं की एकवीस दिवसांच्या आत क्लबचा एक माणूस बापाला घेऊन ग्रामपंचायतीत जाणार आणि जन्माची नोंद करूनच परतणार. पोरगा असो की पोरगी. पुढे ते फुटबॉल खेळो न खेळो. पहिल्या वर्षी ग्रामसेवक हसले होते : "फुटबॉलवाले आता बाळंतपनं मोजून राह्यले काय?" टोल्यावरच्या बायांना अजून गंमत वाटते. कुणाला कळा सुरू झाल्या की ओरडतात, "आधी दाईले सांगा, मंग रेफ्रीले!"

राज्यातल्या युवा विकासाच्या योजनांवर मी बरंच छापलं आहे. जन्माच्या दाखल्यापासून सुरुवात करणारा दुसरा क्लब माझ्या पाहण्यात नाही.

चैतूची मुलगी जैनी टोल्यावर जन्मली. पाचव्या दिवशी तिची नोंद झाली. ती गोलकीपर आहे, बापापेक्षा उंच होणार असं दिसतं. यंदा चौदा वर्षांखालच्या मुलींच्या चाचणीला क्लबच्या पाच जणी गेल्या. पाचींच्या तारखा वेगवेगळ्या, पाची खऱ्या. निवड समितीतल्या एकानं जैनीचा दाखला उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, "कागद बरोबर आहे. पण पोरगी मोठी दिसते." त्यानं तिला मनगटाचा एक्स-रे काढून आणायला सांगितलं; तोवर मैदानात उतरायचं नव्हतं. मी नंतर इतर चार संघांच्या प्रशिक्षकांना फोन केले. त्यांच्या संघातल्या एकाही मुलीकडे एक्स-रे मागितला नव्हता.

तो शनिवार होता. चाचणी रविवारी संपली. एक्स-रे सोमवारी निघाला.

त्या दिवशी चैतूचा फोन आला. मी डेडलाइनवर होतो, तरी उचलला. "माह्यापाशी कागद नवता म्हनून हाकललं. हिच्यापाशी हाय, त हाडं दाखव म्हन्ते. अजून काय दाखवू, सांग न गा." त्यानं फोन जैनीकडे दिला. ती म्हणाली, "काका, मले एक डाव त खेळू द्याचं होतं. हाडं मंग पाह्यले असते. मी काई पळून नोती जात."

गुरुवारी अहवाल आला. हाडांचं वय दाखल्याशी जुळतं, असं त्यात लिहिलं आहे. मनोहरभाऊंनी अहवाल जोडून जैनीची चाचणी पुन्हा घ्यावी असा अर्ज समितीकडे दिला. पोच मिळाली, तिचा फोटो माझ्याकडे आहे. त्यानंतर मी समितीला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा अर्ज विचाराधीन असल्याचं सांगण्यात आलं.

निवड झालेल्या मुलींची यादी लागली आहे. पुढच्या मोसमाच्या चाचणीचा दिवसही जाहीर झाला आहे. त्या दिवशी जैनीचं वय, जन्मदाखल्यानुसार, चौदा वर्षं एकोणीस दिवस असेल.