ओल्या हवेत चिकटलेले कपटे

मशीनचा झटका बसला की जिनिंगमधले इतर लोक नारळ फोडायचे, मी अर्थिंग तपासायचो. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. तरी आज लिहितोय... कारण एक खोटं लेखी दुरुस्त करायचं राहिलंय.

पाचोऱ्याच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, मी फोरमन होतो. थंडीत हवा कोरडी — हाताला रुई अशी चिकटते की झटकूनही निघत नाही. हीच स्थिर वीज. ती जमिनीत उतरावी म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात रोज बादलीभर पाणी ओतायचं. ते काम माझं. एका हिवाळ्यात मुलीच्या लग्नाच्या धावपळीत आठ दिवस मी ते ओतलं नाही. ठिणगी पडली, रुईचा ढीग पेटला. मालकांनी विचारलं तेव्हा मी हाताखालच्या मजुराकडे बोट दाखवून म्हणालो, "कौतिक बिडी ओढत होता."

कौतिक माझ्याकडे बघतच राहिला. "भाऊ, तुम्हले ठाऊक शे, मी बिडी सोडेल शे."

त्याला काढलं. पुन्हा कुठल्याच जिनिंगने त्याला दारात उभं केलं नाही. धुळ्याला हमाली करत राहिला. मागच्या वर्षी गेला.

यंदा ऑगस्टमधली दुपार, पावसाचा तिसरा दिवस. शाळेच्या प्रयोगासाठी नात केसांवर कंगवा घासून कागदाच्या कपट्यांजवळ धरत होती.

"आबा, एकही चिकटत नाही!"

"हवा ओली आहे बाई, चार्ज टिकत नाही. थंडीत कर."

"तुम्ही करून बघा ना."

"माझ्या डोक्यावर घासायला उरलंय काय?"

ती खिदळत असतानाच कौतिकची बायको दारात आली. वर्षश्राद्धाला बोलवायला आली होती. वहिनी टेबलाजवळ बसल्या, पदराने तोंड पुसलं.

"भाऊ, एक खरं सांगा. त्यास्नी खरंच बिडी पिधी व्हती का?"

"हो वहिनी. डोळ्यांनी पाहिली मी."

टेबलावरचे कपटे उठले... सगळेच्या सगळे. कंगवा लांब पडला होता — ते माझ्या हातावर येऊन चिकटले, बोटांपासून कोपरापर्यंत. मी हात झटकला. एकही पडला नाही.

नात ओरडली, "आबा, तुम्ही कुठे काय घासलं?"

वहिनी मात्र हाताकडे टक लावून बघत होत्या. "ते जिनिंगमधून घर येत ना... त्यास्ना हात असाच ऱ्हाये."

मग मी सगळं सांगितलं. पाण्याचं, बादलीचं, बिडीचं.

"ते जित्ता व्हतात तवय काब्र नही सांगं, भाऊ?" मग उठता उठता वहिनी म्हणाल्या, "आते बठ्ठास्ना समोर सांगा."

वर्षश्राद्धाच्या पंगतीत सगळ्यांसमोर उभा राहून मी सांगितलं. कोणी घास उचलला नाही. वहिनींनी माझ्या पानात वाढलं नाही, आणि उठा असंही म्हटलं नाही.

भिजलेल्या हवेत, काहीही न घासता, माझ्या हातावर चार्ज आला कुठून? नातीच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, शक्यच नाही. मीही एरवी हेच सांगितलं असतं.

कौतिकने बिडी ओढली नव्हती. एवढं मात्र मला नक्की माहीत आहे.