मांडवाच्या गेटवर

माझे मामा फौजेत होते. सीमेवर गोळी लागली, पदक मिळालं आणि ते गावी परत आले. शहाडजवळ सिमेंट-विटांचं दुकान टाकलं. त्या विटांनी ज्यांची घरं उभी राहिली त्यांनीच मामांना दोनदा नगरसेवक केलं. तिसऱ्यांदा नाही केलं. त्याच वर्षी मामी गेली. दुकानातल्या पदकाच्या काचेवरची सिमेंटची धूळ तीच पुसायची.

तेव्हापासून मामांना हळदींना नेण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण सगळ्या भाच्यांत गाडी असलेला आणि संध्याकाळी कोणालाच नको असलेला मी एकटाच.

आमच्याकडे हळद लग्नापेक्षा मोठी. मांडव, मटण, डीजे आणि माइकवर पाहुण्यांची नावं घेणारा निवेदक. मामांचा नियम होता, नाव पुकारल्याशिवाय गेटच्या आत पाऊल टाकायचं नाही. पूर्वी गाडी वळतानाच नाव सुरू व्हायचं, पदकासकट. पहिल्या रांगेत दोन खुर्च्या रिकाम्या व्हायच्या. मामी मागून पुटपुटायची, "हसा जरा, मयताला नाय आलो."

परवा डोंबिवलीपलीकडच्या एका गावात गेटसमोर गाडी लावून आम्ही बसलो होतो. निवेदक नवा होता. नावं येत होती, मामांचं येत नव्हतं.

"आज नाव नाय घेतला तं उद्यापासून मी घरीच," मामा म्हणाले. "तुजा पेट्रोल तरी वाचंल."

हसत म्हणाले, पण मी उतरून निवेदकाकडे गेलो. "दादा, माजी नगरसेवक आलेत. फौजेतले."

"माजी लय आलेत, काका. लाइनीत घेतो."

शूर घराण्यातला मी "बरं" म्हणून परत आलो आणि मामांना सांगितलं, "घेतोय आता."

आणि खरंच माइक आमच्याकडे वळला. "गेटसमोर जी पांढरी गाडी उभी आहे, एमएच झिरो फाइव्ह..." पुढचा अख्खा नंबर त्याने दोनदा वाचला. "कृपया बाजूला घ्या, मागे नगरसेवकसाहेबांची गाडी अडकलीय."



"पुकारला बग," मामा म्हणाले. "फौजेत पण आधी नंबरच घ्यायचे." आणि दार उघडून उतरले.

मला वाटलं, आता रिक्षा करून घरी जाणार. गाडी लांब, खाडीकडच्या मैदानात लावून मी चालत आलो. वाटेत समजुतीची चार वाक्यं जुळवली, चारही भिकार. गेटवर मामा नव्हते.

ते आत होते. शेवटच्या रांगेत, स्पीकरला चिकटून, प्लास्टिकच्या खुर्चीवर. शेजारच्या खुर्चीवर पंजा ठेवलेला. पहिल्या रांगेत असताना तिथे मामीची पर्स असायची.

एका बाईने विचारलं, "खाली आहे का ही?"

"नाय," मामा म्हणाले. "हाये मानूस."

मी जाऊन बसलो. मामांनी हात उचलला तो जरा उशिरानेच. समोर नवऱ्याला हळद लागत होती, नावं चालूच होती. माझी चार वाक्यं डीजेत वाया गेली, ते बरंच झालं.

बऱ्याच वेळाने ते कानाशी वाकले. "उद्या कुठं हाये?"

"कल्याणला."

"गाडी लांब लाव."