ज्यानं फोन उचलला त्याचं मत

काकांना काहीही दाखवा, पहिला शब्द 'नाय'. चहा घेता का विचारलं तरी 'नाय', आणि मग स्वतःच कप पुढं करायचे. पाटबंधारे खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झाल्यावर हा माणूस संगणक शिकला आणि गावोगावच्या वाचनालयांसाठी त्यानं 'देवघेव' नावाचं सॉफ्टवेअर लिहिलं. कोणतं पुस्तक कुणी नेलं, कधी परत येणार, सगळं त्यात. कुणीही फुकट वापरावं, कोड उघडून बघावा, सुधारावा. सुधारावा म्हणे! माझी पहिली सुधारणा काकांनी अकरा वेळा परत केली. अकराव्यांदा लिहिलं, "आता बरं आहे. पण नाय."

तरी आम्ही दोघं मदतनीस टिकलो. मी चितेगावच्या कारखान्यात नोकरीला, अस्मा कॉलेजात शिकवायची. रविवारी गारखेड्यात काकांच्या घरी जमायचो. वाचनालयांच्या अडचणींसाठी बटणांचा एक जुना मोबाइल होता. तो पाळीपाळीनं एकेकाच्या घरी जायचा. त्यावरून काकांचा एकच कायदा होता. "महिनाभरात ज्यानं फोन उचलला, त्याचंच मत. कोड लिहिणारे लई शहाणे असतात. शिव्या खाणाऱ्याला विचारा."

मग एका कंपनीचं पत्र आलं. 'देवघेव' आम्हाला द्या, पगारी माणसं ठेवून चालवू. मात्र कोड यापुढं कुलूपबंद. मी थकलो होतो, मला वाटलं देऊन टाकावं. अस्मा पेटून उठली, म्हणाली, "सगळ्या वाचनालयांच्या नोंदी परक्याच्या हातात देणार?" भांडण इतकं वाढलं की आम्ही एकमेकांशी बोलेनासे झालो. शेवटी काकांनी मतदान ठेवलं.

बैठक सुरू होताच काकांनी विचारलं, "या महिन्यात फोन कुणी उचलला?"

मी अस्माकडं बघितलं, अस्मानं माझ्याकडं. मला वाटत होतं फोन तिच्याकडं, तिला वाटत होतं माझ्याकडं. अबोल्याचा प्रताप! काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळं ते महिनाभर पाळीतून बाहेर.

"अरे, मग फोन आहे तरी कुठं?"

अस्मानं नंबर लावला. स्पीकरवर एका बाईंचा आवाज आला, "हं, देवघेव. बोला, काय अडलं?"

पिशोरच्या वाचनालयातल्या सुमनताई! महिन्याच्या सुरुवातीला, माझी पाळी संपता संपता, मी तिथं गेलो होतो आणि फोन चार्जिंगला लावून तसाच विसरून आलो होतो; घरी दिसेना तेव्हा अस्मानं नेला असं धरून चाललो. "वाजायचा, म्हणून उचलत गेले," ताई म्हणाल्या. "पलीकडं माझ्यासारख्याच बाया. येतंय तेवढं सांगते."

"अहो, मग आम्हाला कळवायचं ना!" अस्मा म्हणाली.

"कसं कळवू? तुम्हाला लावायचा नंबर तर माझ्याच टेबलावर वाजतोय!"

काका खो खो हसले. मग डोळे पुसून म्हणाले, "झालं. मत ताईंचं."

"काका, त्यांनी जन्मात एक ओळ कोड लिहिला नाही!" मी ओरडलो.

"नाय लिहिला. तू उचललास का फोन?"

काकांनी ताईंना पत्र वाचून दाखवलं. ताई म्हणाल्या, "कंपनीला नका देऊ. तिथं फोन लागंल, माणूस लागायचा नाय." अस्मानं विजयी मुद्रेनं माझ्याकडं पाहिलं. पण ताईंचं संपलं नव्हतं. "अन् काका, राग मानू नका. चाव्या सगळ्या तुमच्याकडं. उद्या तुम्ही नसलात तर आमच्या पुस्तकांचं काय?"

इतक्या वर्षांत हे काकांना तोंडावर विचारायची आमची छाती झाली नव्हती. काका बराच वेळ चष्म्याची काडी उघडझाप करत बसले. मग मला म्हणाले, "वही काढ. पासवर्ड लिहून घे."

त्यानंतर वर्षभर त्यांनी आम्हाला शिकवलं. ओरडून, चिडून, एकच गोष्ट दहादा करून घेऊन. अस्माला आणि मला एकत्र बसवून. पुढंपुढं तर आमची एखादी चूक सापडली नाही की हिरमुसायचे.

यंदा काका गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी धास्तावून 'देवघेव' उघडलं. बिडकीनला कुणीतरी पुस्तक परत केलं होतं. पिशोरला तीन नवी गेली होती. कुठं काही अडलं नव्हतं. काकांनी वर्षभर घसा फोडला तो याचसाठी, हे कळत होतं. तरी कुठंच काही कसं अडलं नाही, याचा मला इतका राग आला, की स्क्रीनपुढं बसून मी ढसाढसा रडलो.